मढ्यांना घुमट, मजुरांना मोरी नाही!

१६६४ साली शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले तेव्हा इंग्रजांची वखार लढवणारा जॉर्ज ऑक्झेंडन १६६९ साली मेला. भाऊ ख्रिस्तोफर दहा वर्षे आधीच गेला होता. कतारगाम दरवाजाजवळ दोघांवर मिळून असा घुमट चढला की डचांच्या पोटात दुखू लागले. १६९१ साली त्यांचा व्हान रीड वारला. मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करवणारा हा माणूस मोठा खरा. पण त्याची कबर उठली ती इंग्रजांच्या नाकावर टिच्चून. व्यापाऱ्यांनी मढ्यांवरसुद्धा चढाओढ लावली! पुरातत्त्व खाते आज या कबरी सांभाळते. खुशाल सांभाळावे. नागपूरजवळ जुनापाणीला लोहयुगातल्या माणसांनी आपल्या मृतांभोवती शिळांची वर्तुळे मांडली, तीही सांभाळावीत. मेलेल्याला दगडाचा मान द्यायला आमची ना नाही.

आमचा सवाल जिवंतांच्या दगडाचा आहे. सुरतेच्या दक्षिणेला सचिन आहे, आज कारखान्यांची वसाहत. जंजिऱ्यावरचा हक्क सोडण्याच्या बदल्यात १७९१ साली पेशव्यांनी सिद्दी वारसाला दिलेले हे संस्थान. १९४८ साली ते मुंबई प्रांतात विलीन झाले आणि त्याच वर्षी दिल्लीत कारखाना कायदा झाला. त्याचे कलम ४२ लख्ख सांगत होते: प्रत्येक कारखान्यात अंग धुण्याची पुरेशी सोय हवी, ती स्वच्छ हवी, बायकांची वेगळी आणि आडोशाची हवी. २०२० च्या श्रमसंहितेत तर न्हाणीघराचा नावानिशी उल्लेख आहे. नवाबी बुडाली, कायदे आले; मोरी अजून वाटेतच आहे!

ताप्ती लायनने जळगाव, धुळे, नंदुरबारहून उतरलेला आमचा खानदेशी माणूस लूमवर बारा तासांची पाळी ओढतो, डाईंगच्या मिलमध्ये कोपरापर्यंत रंगतो, आणि चाळीतल्या एका नळाखाली, निसरड्या फरशीवर, उघड्यावर रांग लावतो. बाईमाणसाने काय करावे? उजाडायच्या आत उठावे, साडीसकट दोन तांबे अंगावर ओतावेत आणि ओलेत्याने खोलीत पळावे. हीच का तुमची औद्योगिक प्रगती? अहो, गावाकडे मोटेच्या विहिरीवर बैलांना तरी घडीव दगडाची डोणी होती!

बाहेरगावच्या लोकांना सवयच नाही, असे म्हणणाऱ्यांनी याच गुजरातेतले लोथल पाहून यावे. १९५५ पासून एस. आर. राव यांनी तिथे उत्खनन केले, तेव्हा ओळीने बांधलेल्या न्हाण्या निघाल्या, सांडपाणी गटारात नेणाऱ्या. चार हजार वर्षांपूर्वीच्या! ज्यांना मोटार ठाऊक नव्हती, सिमेंट ठाऊक नव्हते, त्यांना जे जमले ते आज कुणाला जमत नाही? आणि ही चैनीची मागणी नव्हे. ६ जानेवारी २०२२ च्या पहाटे सचिन जीआयडीसीत टँकरमधले रसायन नाल्यात सोडताना उठलेल्या वायूने ६ मजुरांचा बळी घेतला. जिथली हवाच अशी मारते, तिथे अंगावरचे रसायन पाळी संपताच धुऊन निघाले पाहिजे.

खर्चाचे रडगाणे बंद करा. चार फूट कोट्याची फरशी, तीन भिंती, एक दार, आतून कडी, गटाराकडे उतार. फार्महाऊसवर अखंड संगमरवराचे टब बसवणाऱ्यांनी एवढ्यासाठी हात आखडावा?

आमची मंडळेही यातून सुटत नाहीत. गणपतीला मंडपाची वर्गणी घरोघर फिरते, पुतळ्याच्या चौथऱ्यासाठी शिष्टमंडळे निघतात; बायकांच्या न्हाणीघरासाठी एक अर्ज तरी कुणी लिहिला का? आज लिहा. आणि कारखाना निरीक्षकांनी आपल्या कचेरीच्या दारावर सचिनची यादी लावावी: कारखाना कोणता, कामगार किती, न्हाण्या किती, त्यांतल्या बायकांच्या किती, आणि त्यांना आतून कडी लागते की नाही.