भरतीसाठी पायात स्क्रू

भरतीच्या जाहिराती निघाल्या की आपल्या ओपीडीत अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांची रांग लागते. यंदाही वाचकांच्या पत्रांत तीच तक्रार आहे. मुलगा रोज सोळाशे मीटर धावतो, पाय दुखत नाही, आणि हातात अकादमीच्या प्रशिक्षकाची चिठ्ठी : ‘फ्लॅट फूट, ऑपरेशन करून ये.’ ओला पाय फरशीवर उमटवून झालेले निदान! बाप विचारतो, ‘खर्च किती येईल डॉक्टर? सोसायटीचे कर्ज काढतो.’

हे ऑपरेशन करून देणारेही आपल्यातलेच आहेत. सायनस टार्सायमध्ये टायटॅनियमचा स्क्रू बसवायचा, अर्ध्या तासाचे काम. वाढत्या वयातल्या, दुखणाऱ्या पावलासाठी असलेला हा उपाय वाढ संपलेल्या, न दुखणाऱ्या पावलावर करण्याला काय म्हणावे? नंतर तिथेच दुखू लागले की स्क्रू काढायला पुन्हा टेबलावर. आणि घोट्याखालचा व्रण भरतीच्या डॉक्टरला दिसणार नाही, असे या मंडळींना खरेच वाटते काय?

एनडीएच्या अधिसूचनेतले वैद्यकीय निकष एकदा वाचा. चवड्यांवर उभे राहिल्यावर कमान दिसते, उमेदवार चवड्यांवर नीट धावतो, उड्या मारतो, पाऊल लवचिक आहे आणि दुखत नाही, तर तो पात्र. आपण हील रेझ करून पाहतो ते हेच. केंद्रीय सशस्त्र पोलिस दलांच्या शिपाई भरतीच्या जाहिरातीत मात्र नॉक नी, फ्लॅट फूट, व्हेरिकोज व्हेन सगळे एका ओळीत उरकलेले. अधिकारी होऊ पाहणाऱ्याला जी मुभा ठळकपणे सांगितली जाते, तिचा शिपायाच्या जाहिरातीत उल्लेखही नाही. खेड्यातला मुलगा ती एक ओळ वाचतो आणि घाबरतो. हॅरिस आणि बीथ यांनी कॅनडाच्या सैनिकांची पावले तपासून लवचिक सपाट पाऊल निरुपद्रवी असल्याचे 1947 मध्येच सांगितले होते. त्रास होतो तो टेंडो-अकिलीस आखूड असेल तर. आणखी किती वर्षे वाट पाहायची?

शस्त्रक्रियेला आमचा विरोध नाही. ताण देण्याचे व्यायाम आणि इनसोल करूनही दुखणाऱ्या पावलाला इव्हान्सची लेंग्थनिंग करा, टेंडो-अकिलीसकडे लक्ष द्या. कडक पाऊल असेल तर आधी सीटी करून कोअलिशन शोधा. टिबियालिस पोस्टेरियर गेलेल्या पन्नाशीच्या बाईंना, ज्यांना ‘मुरगळलंय’ म्हणून क्रेप बँडेजवर वर्षभर ठेवले जाते, त्यांना वेळेत मेडियलायझिंग ऑस्टिओटॉमी आणि एफडीएल ट्रान्सफर मिळाले तर फ्यूजन टळेल. तिथे आपले कसब दाखवा.

आणि सर्टिफिकेट नीट लिहा. नुसते ‘फ्लॅट फूट’ लिहून सही ठोकू नका. कमान चवड्यांवर दिसते का, सबटेलर हालचाल पूर्ण आहे का, टेंडो-अकिलीस आखूड आहे का, वेदना आहे का, उभ्याने काढलेला एक्स-रे काय सांगतो, सगळे लिहा. आपल्या संघटनेच्या जिल्हा शाखांनी शिपाई भरतीच्या जाहिरातीतली ती ओळ बदलावी म्हणून निवेदन द्यावे. मसुदा आम्ही तयार करून देतो, सह्या तुम्ही गोळा करा. भरतीसाठी बसवलेले स्क्रू ज्यांना काढावे लागले, त्यांनी त्या केसेस एक्स-रेसह पाठवाव्यात. रुग्णाचे नाव छापणार नाही, स्क्रू बसवणाऱ्याचेही नाही.