तळातले पाणी आणि किनाऱ्यावरचे 61 दिवस

प्रति,
माननीय आयुक्त, मत्स्यव्यवसाय विभाग, महाराष्ट्र राज्य, मुंबई

मच्छीमार नौका वादळात बुडते, असा सर्वसाधारण समज आहे. वादळे बुडवतातच; 11 नोव्हेंबर 2009 च्या फयान वादळाने रत्नागिरी जिल्ह्याला ते दाखवले. पण शांत समुद्रातही पाणी चोरपावलांनी आत शिरते, आणि मिरकरवाडा, जयगड, हर्णे वा साखरीनाटे, बंदर कोणतेही असो, त्याच्या वाटा त्याच असतात. पंख्याचा शाफ्ट तळातून बाहेर पडतो तिथली ग्लँड सैल होते. इंजिन थंड ठेवण्यासाठी समुद्राचे पाणी खेचणारा पाईप फाटतो किंवा त्याचा क्लॅम्प गंजून तुटतो. लाकडी नौकेच्या फळ्यांच्या सांध्यांतला कापूस सुटतो, फायबरच्या नौकेला तडा जातो. भाट्ये खाडीच्या मुखाशी साचलेला गाळ हे आणखी एक कारण: ओहोटीत नौका तिथे वाळूवर आदळली की तळ उकलायला वेळ लागत नाही.

शिरणारे पाणी किती, याचा अंदाज बहुधा चुकतो. पाण्याखाली एक मीटरवर पाच सेंटिमीटर व्यासाचे भोक पडले, तर सेकंदाला सुमारे पाच लिटर, म्हणजे तासाला 18 टन पाणी आत येते. भोकाचा व्यास दुप्पट झाला तर पाणी चौपट. बादलीने उपसणारे दोन खलाशी त्यापुढे टिकत नाहीत. किनाऱ्यापासून 40 सागरी मैलांवर असलेल्या नौकेकडे ताशी 20 सागरी मैल वेगाने मदत निघाली, तरी दोन तास लागतात. तेवढ्या वेळात 36 टन पाणी पोटात घेऊन तरंगणारी मच्छीमार नौका विरळाच. शिवाय निम्मी भरलेली घागर जशी हिंदकळते, तसे हे पाणी प्रत्येक लाटेबरोबर एका कुशीला धावते. त्यामुळे नौका पूर्ण भरण्याआधीच कलंडू शकते.

म्हणून पहिली दहा मिनिटे तांडेलाचीच. इंजिनच्या खणात पाणी चढताच वाजणारा भोंगा स्वस्त असतो. तो नसेल तर पाणी लक्षात येते ते फ्लायव्हील ते उडवू लागल्यावर. बॅटरी तळाशी असेल, तर वायरलेस आणि पंप एकदमच बंद पडतात. ती उंचावर हवी. पंपाच्या तोंडाला जाळी हवी, कारण प्लास्टिकच्या पिशव्या, माशांचे खवले आणि जाळ्याचे धागे ते हमखास तुंबवतात. वीज गेल्यावर हातपंपच उरतो. पाईप फुटला तर वॉल्व्ह बंद करायचा. तो वर्षभर न फिरवता जाम झालेला असेल, तर असून नसल्यासारखा. लहान भोकात कापड गुंडाळलेली लाकडी पाचर ठोकली, तरी ओघ पुष्कळ घटतो. इंजिनचा पाणी खेचणारा पाईप जाळी लावून तळात सोडला, तर इंजिनच पंपाचे काम करते. ही युक्ती जाणत्यांना ठाऊक असते, नवख्यांना नाही.

हाक मात्र पाणी आटोक्यात येण्याची वाट न पाहता द्यायची. तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक मोबाईलची रेंज असेपर्यंतच उपयोगी. पुढे व्हीएचएफचे 16 क्रमांकाचे चॅनल आणि संकटसंदेश पाठवणारा ट्रान्सपॉन्डर कामी येतो. देशभरात एक लाख ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या योजनेचा आरंभ 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरला झाला, हे स्वागतार्हच आहे. परंतु ट्रान्सपॉन्डर आणि लाइफ जॅकेट ही नौका सोडण्याची तयारी झाली. नौका तरंगती ठेवण्याच्या तयारीकडे तेवढे लक्ष जात नाही. 1981 च्या सागरी मासेमारी नियमन अधिनियमात 2021 साली झालेल्या दुरुस्तीचा भरही बेकायदा मासेमारीवरच्या दंडावर होता.

नौका तरंगती ठेवणाऱ्या साधनांच्या तपासणीसाठी वेगळा मुहूर्त शोधावा लागत नाही. 1 जून ते 31 जुलै असे बंदीचे 61 दिवस नौका शाकारून किनाऱ्यावर असतात आणि एरवी पाण्याखाली असलेला तळ उघडा असतो. ग्लँड, वॉल्व्ह, पाईप, पंप, भोंगा आणि पाचरांची पेटी या सहा गोष्टी विभागाच्या परवाना अधिकाऱ्यांनी याच काळात पाहून नोंदवाव्यात. खलाशांना बंदरावरच अर्ध्या दिवसाचा सराव द्यावा, आणि तो नेपाळीतूनही असावा, कारण रत्नागिरीच्या नौकांवर नेपाळी खलाशी मोठ्या संख्येने आहेत. ही नोंद झाल्याशिवाय 1 ऑगस्टला कोणतीही यांत्रिक नौका समुद्रात सोडू नये, असा आदेश विभागाने येत्या बंदीपूर्वी काढावा.