दारचा कुत्रा घरात घेताना

आपल्या गुडीहत्नूरसारख्या गावात कुत्रा सहसा कोणा एका घराचा नसतो. तो गल्लीचा असतो. एका दारी त्याला सकाळची शिळी भाकरी मिळते, दुसऱ्या दारी रात्रीचा उरलेला भात मिळतो आणि तिसऱ्याच्या ओट्याखाली तो झोपतो. परका माणूस आला म्हणजे तो सर्वांसाठी भुंकतो. या व्यवस्थेत माया आहे, परंतु जबाबदारी कोणाचीच नाही. त्याला लस कोणी टोचून आणावी, राष्ट्रीय महामार्ग 44 वर वाहनाचा धक्का लागून तो पडला तर कोणी धावावे, पौष-माघात आदिलाबादकडची थंडी एक आकडी अंशावर उतरते तेव्हा त्याला आसरा कोणी द्यावा, या प्रश्नांना गल्लीजवळ उत्तर नसते.

आता तर हा प्रश्न केवळ दयेचा राहिलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात रस्त्यावरचा कुत्रा दत्तक घेण्याची मुभा प्राणिप्रेमी नागरिकांना दिली. मात्र तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारीही त्यांच्यावरच टाकली. पुढे 7 नोव्हेंबर 2025 च्या आदेशात शाळा, रुग्णालये, बसस्थानके अशा ठिकाणच्या आवारांतून कुत्रे हलवावेत आणि तेथे परत सोडू नयेत, असे सांगितले. मधल्या सुट्टीत डब्यातल्या घासाची वाट पाहणारा कुत्रा ज्या मुलांचा मित्र झाला आहे, त्यांच्या मनात साहजिकच येईल, ‘त्याला आपल्याच घरी नेऊ या.’

हा विचार चांगला आहे. तथापि माझे मत असे की, कुत्रा घरात घेणे ही एका दिवसाची दया नव्हे. ते अनेक आठवड्यांचे, कधी कधी महिन्यांचे शिक्षण आहे. ज्या घराला ते झेपणार नाही, त्याने कुत्रा आत न घेणे हीच त्याच्यावर अधिक दया होय. कारण चार महिने घरात वाढवून पुन्हा बाहेर काढलेल्या कुत्र्याला त्याची जुनी गल्लीही सहज स्वीकारत नाही. तेथील इतर कुत्रे त्याला परका समजून हुसकावतात. धोब्याच्या कुत्र्यासारखा तो ना घरचा राहतो, ना घाटचा.

कित्येक वडीलधारी माणसे म्हणतील, ‘कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडेच.’ माणसाच्या स्वभावाविषयी ही म्हण खरी असेल. कुत्र्यावर मात्र तिने अन्याय केला आहे. कुत्रा शिकतो, आणि मोठ्या वयाचाही शिकतो. शिकवणाऱ्याजवळ धीर मात्र हवा.

प्रथम त्याला पशुवैद्याकडे न्यावे. रेबीजची लस, जंतांचे औषध आणि गोचिडांचा बंदोबस्त झाल्यावरच त्याने उंबरठा ओलांडावा. मग त्याला एकदम सारे घर मोकळे करू नये. एका शांत कोपऱ्यात गोणपाट किंवा जुनी गोधडी घालावी, जवळ पाण्याचे भांडे ठेवावे, आणि आरंभी थोडाच वेळ त्याला आत ठेवावे. उघड्यावर वाढलेल्या जीवाला गुळगुळीत फरशी, डोक्यावर फिरणारा पंखा, कुकरची शिट्टी, बंद झालेले दार या सर्वांचेच भय वाटते. शेपूट पायांत घालून तो कोपऱ्यात बसला तर त्याला ओढून बाहेर काढू नये. आपण होऊन येऊ द्यावे.

घरात घाण करणे ही त्याची मोठी तक्रार सांगितली जाते. पण बाहेर आणि आत यांतला भेद त्याला ठाऊक कोठून असणार? झोपून उठल्यावर, खाणे झाल्यावर आणि रात्री निजण्यापूर्वी त्याला नेमाने एकाच जागी बाहेर न्यावे आणि काम होताच तेथल्या तेथे शाबासकी व एखादा घास द्यावा. आत चूक झालीच तर जागा वास उरणार नाही अशी धुवावी; वास राहिला की तो पुन्हा तेथेच जातो. मागाहून मारल्याने चूक कोणती हे त्याला कळत नाही, फक्त मारणारा हात कळतो. घरात राहू लागला तरी रोज त्याला हिंडवून आणलेच पाहिजे. दिवसभर साखळीला बांधणे म्हणजे घर देणे नव्हे. कांदा, लसूण, मनुका आणि चॉकलेट मात्र त्याला कधीही देऊ नये; हे पदार्थ त्याला विषासमान आहेत.

घरच्या लहान मुलांनाही शिकवावे लागते. कुत्रा खात किंवा झोपला असता त्याच्या अंगावर हात टाकू नये. चावा वा ओरखडा झालाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, तिच्यावर हळद किंवा चुना लावू नये, आणि विलंब न करता दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी बहुधा वाचत नाही. वेळीच उपचार झाला तर तो टळतो. भीती आणि माया या दोहोंपेक्षा येथे ज्ञान अधिक उपयोगी पडते.

जर्मनीत बॉन शहराजवळ 1914 साली सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचे दफन सापडले. दोन माणसांबरोबर तेथे एक कुत्र्याचे पिल्लूही पुरलेले होते. त्याच्या दातांचा अभ्यास करून शास्त्रज्ञांनी 2018 साली असे मत मांडले की, ते पिल्लू काही आठवडे गंभीर आजारी असावे आणि माणसांच्या शुश्रूषेवाचून तेवढे जगले नसते. तेव्हा शेती नव्हती, पक्के घर नव्हते. तरीही कोणीतरी त्याच्यासाठी जागले होते. माहूरगडी जाऊन आपण दत्तगुरूंच्या पायाशी बसलेल्या चार कुत्र्यांनाही हात जोडतो. तो नमस्कार खरा करायचा असेल, तर कुत्र्याला आत बोलावण्यापूर्वी घरातल्या सर्वांनी एकत्र बसून ठरवावे की, पहाटे त्याला बाहेर कोण नेईल, लसीची तारीख कोण लक्षात ठेवील, आणि आपण गावाला गेलो तर त्याच्याजवळ कोण राहील. या तिन्ही प्रश्नांना नावानिशी उत्तर मिळाले, तरच दार उघडावे.