वाघाला पिंजरा नव्हता

प्राण्यांच्या प्रवासाबद्दल आमच्या पुणतांब्याला कुणी शिकवू नये, असं माझं परवापरवापर्यंत ठाम मत होतं. गोदाकाठी ज्यांची समाधी आहे ते चांगदेव महाराज वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन ज्ञानेश्वरांच्या भेटीला निघाले, ही कथा आमच्याकडे बाळघुटीबरोबर पाजतात. वाघाला पिंजरा नव्हता, सापाला बरणी नव्हती आणि दाखले तपासायला गणवेशातला इसम उभा नव्हता. समोरून चारी भावंडं भिंतीवर बसून आली, म्हणजे विमानाचाही प्रश्न मिटला!

पण आम्ही पडलो चौदाशे वर्षं जगण्याची हमी नसलेली माणसं. मुलगी बंगळूरला, आमचं बिऱ्हाड आता तिच्याकडे हलायचं आणि बिऱ्हाडात मोत्या. अस्सल गावठी, तांबूस, वय वर्षं नऊ. एक कान उभा आणि दुसरा कायम विचारात पडलेला. रेल्वेनं न्यायचं तर पहिल्या वर्गाची अख्खी कुपे आपली हवी, नाहीतर गार्डाच्या डब्यातल्या पेटीत त्यानं एकट्यानं रात्र काढायची. म्हणून विमान. काकडीचा विमानतळ हाकेच्या अंतरावर आहे; पण ज्या कंपनीकडे चौकशी केली तिनं "आम्ही कुत्री नेत नाही" असं सांगून फोन ठेवला. तेव्हा पुण्याहून.

बातमी फुटली आणि सल्लागार जमले. माझं भांडण त्यांच्याशी आहे. विमानवाल्यांशी नाही, ते पैसे घेतात, अटी सांगतात, सरळ व्यवहार आहे. माझं खरं भांडण आहे गोळीवाल्यांशी.

गोळीवाला प्रत्येक घरात एक असतो. आमच्याकडे तो मेहुण्याच्या रूपानं आहे. "दाजी, कशाला एवढा खटाटोप? पेढ्यातून झोपेची एक गोळी सरकवा. इथं डोळे मिटले की बंगळुरात उघडतील!"

हे वाक्य ऐकून बायकोनंसुद्धा मान डोलावली, आणि माझं डोकं फिरलं. अहो, उघडतील कशावरून? गुंगीतल्या कुत्र्याला पेटी कलंडली तर तोल सावरता येत नाही. रक्तदाब उतरतो, श्वास मंदावतो. कुत्र्याला घाम येतो तो जेमतेम पंजांना. बाकी सगळी उष्णता तो धापा टाकून बाहेर काढतो. गोळीनं ती धापच मंदावली तर नगरी उन्हाळ्यात, तापलेल्या धावपट्टीशेजारी सामानाच्या गाडीवर थांबलेल्या जनावरानं करायचं काय? आणि खाली सामानाच्या कप्प्यात त्याच्याकडे बघायला कोण बसलंय? म्हणून तर जाणते पशुवैद्य अशा गोळीला नाही म्हणतात आणि कित्येक कंपन्या गुंगीतलं जनावर घेतच नाहीत. पग वगैरे चपट्या नाकाच्या मंडळींना तर शुद्धीवर असतानाही श्वासाची मारामार.

"पण तो घाबरेल हो," मेहुणे म्हणाले.

घाबरेल ना! मीही घाबरतो. घाबरलेला मोत्या बंगळूरला उतरून माझ्या धोतरावर राग काढील. त्याची माझी तयारी आहे.

दुसरा पंथ काटकसरवाल्यांचा. "दोन तासांचा प्रवास, त्याला काय बंगला हवाय?" या पंथाचा मीही काही दिवस अनुयायी होतो, हे कबूल केलं पाहिजे. दुकानदारानं मोत्याला न बघताच "मीडियम बसेल" म्हटलं आणि किमतीचा फरक बघून मला ते ताबडतोब पटलं. घरी मोत्या आत शिरला. पण वळता येईना. शेवटी स्टँडावरच्या एस.टी.सारखा रिव्हर्समध्ये बाहेर आला. मागं उभं राहून "येऊ द्या, येऊ द्या" म्हणायचं काम माझ्याकडे.

विमानवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे याबाबत नियम आहेत आणि ते चक्क शहाणपणाचे आहेत. जनावराला पेटीत उभं राहता, बसता, वळता आणि पसरून झोपता आलं पाहिजे. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मोजायचं, त्यात जमिनीपासून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंतच्या उंचीचं निम्मं मिळवायचं. ही पेटीची लांबी. खांद्यांच्या रुंदीची दुप्पट ती रुंदी. आणि उंची डोक्यापर्यंत. कान उभे असतील तर कानांच्या टोकापर्यंत, वर अंथरुणाची जाडी. शिंप्याची टेप आणून आम्ही ओट्यावर मापं घेतली. ३० इंच, त्यात १३ चे निम्मे, म्हणजे साडेछत्तीस. उंचीसाठी कुठला कान धरायचा यावर बायकोशी मतभेद झाले. मी उभा धरला.

"मग याच पेटीत मनीलाही बसवा," हा आणखी एक सल्ला. इतिहास न वाचल्याचे हे परिणाम! १७८३ साली व्हर्सायला राजासमोर मेंढी, बदक आणि कोंबडा यांना एकाच पिंजऱ्यात घालून फुग्यातून आकाशात सोडलं. तिघेही जिवंत उतरले. फक्त कोंबड्याचा पंख दुखावला होता. तो उंचीमुळं नव्हे, मेंढीची लाथ बसली म्हणून, असा शोध लागला. २०२२ साली नामिबियाहून आठ चित्ते आले ते स्वतंत्र पेट्यांतून, आणि त्या विमानाच्या नाकावर वाघाचं तोंड रंगवलेलं होतं. चांगदेवांना गंमत वाटली असती.

नवी पेटी आली. बाजूंना झरोके, दोन्ही भाग प्लॅस्टिकच्या खटक्यांऐवजी लोखंडी नटबोल्टांनी आवळलेले, दार न उघडता बाहेरून भरता येईल अशी पाण्याची वाटी. ती पंधरा दिवस दार उघडं टाकून पडवीत ठेवली. पहिले तीन दिवस मोत्यानं तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही, फक्त मनी आत झोपली. चौथ्या दिवशी आत भाकरी ठेवली. त्यानं मान लांबवून ती बाहेर ओढून खाल्ली. आठव्या दिवशी आत बसून खाल्ली. मग दार पाच मिनिटं लावलं, मग अर्धा तास. परवा रात्री उठलो तर उंबऱ्यावर मोत्या नाही. काळजात चर्र झालं. बॅटरी मारली तर स्वारी पेटीत आडवी, चारी पाय ताणून.

रेबीजच्या लसीचा दाखला आणि पशुवैद्यांचं 'प्रवासास योग्य' असं पत्र पिशवीत घातलंय. मंगळवारी सकाळचं थेट विमान आहे. मोत्याचं हलकं खाणं तीन-चार तास आधी उरकायचं. अंथरुणावर आपल्या वासाचा, न धुतलेला कपडा ठेवावा म्हणतात, म्हणून माझा बनियन काढून ठेवलाय. बायकोनं तो आज सकाळी दोनदा धुवायला नेला आणि मी दोनदा परत आणला.