मांजरीची पिल्ले : करुणेला प्रज्ञेची जोड हवी



आपल्या जालना जिल्ह्यात वस्तीत काय आणि शेतातल्या आखाड्यावर काय, मांजर कुठेही विते. कापसाच्या गंजीत, सरपणाच्या ढिगात, धान्याच्या कोठीमागे पिल्ले सापडतात. मुले ती उचलून घरी आणतात, वाटीत गाई-म्हशीचे दूध ठेवतात आणि चार-सहा दिवसांत पिल्ले मरतात. मग घरातली म्हातारी माणसे 'मांजराचे पाप लागले' म्हणून घाबरतात. पाप वगैरे काही नसते. ते मरण आपल्या अज्ञानाने येते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांमध्ये प्राणिमात्रांवर दया करण्याचीही प्रतिज्ञा आहे. परंतु प्रज्ञा, शील, करुणा म्हणताना आपण प्रज्ञेचे नाव आधी घेतो. समज नसलेली दया पिल्लालाही मारते आणि घरालाही आजार देते.

पहिली गोष्ट, आई जिवंत असेल तर पिल्ले उचलू नयेत. ती भक्ष्य शोधायला गेलेली असते. जागा सुरक्षित असेल तर काही तास लांबून लक्ष ठेवावे. मांजरीची वार घरात ठेवली की पैसा येतो, या समजुतीने काही लोक विणाऱ्या मांजरीजवळ टपून बसतात. वार खाणे हा तिचा निसर्गधर्म आहे. तिला त्रास दिला तर ती बिथरते, पिल्ले टाकूनही देते. वारेने कोणी श्रीमंत झाला नाही, पिल्ले मात्र पोरकी होतात.

पिल्ले खरोखरच पोरकी असतील तर आधी ऊब द्यावी, नंतर दूध. जन्मतः पिल्लाचे वजन साधारण १०० ग्रॅम असते आणि पहिले तीन-चार आठवडे त्याला स्वतःची ऊब राखता येत नाही. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्यात ठेवावी. मात्र उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात उलट काळजी घ्यावी, खोके सावलीत व हवेशीर ठेवावे. गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजू नये, ते पचत नाही. गाई-म्हशीच्या दुधाने हगवण लागते. पिल्लांसाठी वेगळी दूध-पावडर मिळते, ती पशुवैद्यकाला विचारून आणावी. पहिल्या आठवड्यात रात्रंदिवस दोन-तीन तासांनी, पिल्लू पालथे ठेवून ड्रॉपरने थेंब थेंब पाजावे. उताणे पाजल्यास दूध फुफ्फुसात जाते. पाजल्यावर ओल्या कोमट कापसाने खालचा भाग हलके पुसावा. आई चाटते तसे केल्याशिवाय त्याला लघवी-शी होत नाही. रोज १० ग्रॅमच्या आसपास वजन वाढले तर ठीक. वजन घटले, हगवण लागली किंवा पिल्लू गार व मलूल झाले तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.

पिल्लाला माणसाची तापाची गोळी कदापि देऊ नये. पॅरासिटामॉल मांजरासाठी विष आहे. खोक्याजवळ फिनेल वापरू नये, साबणाच्या पाण्याने पुसावे. पिसवा झाल्या तर कुत्र्याची पावडर न लावता बारीक फणीने विंचरावे. जंताचे औषध दोन-तीन आठवड्यांपासून, पशुवैद्यकाच्या मापानेच द्यावे.

आता घरातल्या माणसांचे. पिल्लाच्या अंगावर केस गळून गोल चट्टे दिसले तर तो नायटा असू शकतो आणि तो लेकरांना लागतो. पिल्लाला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत. घरात गरोदर बाई असेल तर मांजर हाकलून देण्याची गरज नाही. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मोसिस नावाचा आजार पसरतो, पण आईच्या दुधावरील पिल्लांपेक्षा शिकार करणाऱ्या मांजराकडून धोका जास्त. ती विष्ठा पसरवण्याजोगी व्हायला किमान एक दिवस लागतो. म्हणून घरातल्या दुसऱ्या कोणीतरी ती रोजच्या रोज उचलावी. हे काम सुनेवरच टाकू नये. मांस नीट शिजवावे, भाजी धुवून घ्यावी.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रेबीज. तो कुत्र्याप्रमाणे मांजरापासूनही होतो. पिल्ले उचलताना आई चावली किंवा ओरबाडले तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी. चुना, मिरची, हळद लावू नये, मांत्रिकाकडे जाऊ नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे. पोटातली १४ इंजेक्शने केव्हाच बंद झाली. आता लस दंडात देतात, कातडीत घ्यायची असेल तर पहिल्या दिवसापासून ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. जखम खोल असेल तर जखमेतही वेगळे इंजेक्शन लागते. डोस चुकवू नये. रोजाची मजुरी बुडेल म्हणून पुढचा डोस टाळणे महागात पडते, कारण रोगाची लक्षणे दिसू लागली की माणूस जवळजवळ वाचत नाही.

पिल्लू मोठे होऊन घरी राहणार असेल तर सहा-आठ आठवड्यांनंतर लसी सुरू कराव्यात आणि तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस टोचावी. पुढे नसबंदी करून घेतली तर दरवर्षी पोरक्या पिल्लांचा प्रश्नच उरत नाही.

लेकरांना पिल्लावर माया करू द्या, मायेबरोबर ही माहितीही द्या. येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर दहा मिनिटे काढून मातांनी व तरुणांनी जखम धुण्याची आणि लसीची गोष्ट सर्वांना सांगावी. एखाद्या लेकराचा जीव त्याने वाचेल.

जयभीम!