जुलाब थांबले, ढब्बू बरा झाला नव्हता

आमच्या कुत्र्याचं नाव ढब्बू आहे, आणि ते नाव म्हणजे आमच्या मूर्खपणाची पावती आहे.

गेल्या जूनमध्ये वाकडच्या आमच्या वन बीएचकेत लॅब्राडोरचं एक पिल्लू आलं. पाय काड्यांसारखे, पोट मात्र टरबुजासारखं गरगरीत. बायको म्हणाली, "काय ढब्बू आहे हा!" झालं, नाव पक्कं. पोटाचे फोटो इन्स्टाग्रामवर गेले, लोकांनी बदाम उधळले. सहा आठवड्यांनी कळलं की ते बाळसं नव्हतं. ते जंत होते. आम्ही हौसेने आजाराचंच बारसं केलं होतं.

कुत्रा कसा पाळावा हे सांगायला मी बसलेलो नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, पशुवैद्य नाही. माझं भांडण एका सवयीशी आहे. पिल्लाला जुलाब होतात, आपण काहीतरी देतो, जुलाब थांबतात, आपण म्हणतो, "चला, बरा झाला." दहा दिवसांनी पुन्हा होतात. आपण पुन्हा काहीतरी देतो. "लॅबचं पोट नाजूकच असतं," असं कुणीतरी सांगतं आणि आपण ते ऐकतो, कारण तसं म्हटलं की पुढे शोधाशोध करावी लागत नाही. थांबणं म्हणजे बरं होणं, हा आपला समज पिल्लांच्या जिवावर उठतो. माझ्या पिल्लाच्या उठला होता.

पहिला झटका आला तो तिसऱ्याच दिवशी. आई सांगलीहून आली होती. "एवढंसं लेकरू, आईपासून तोडलंय, दूध तरी द्या रे," म्हणून तिने म्हशीच्या दुधात पोळी कुस्करून दिली. रात्रभर फरशी पुसली. सकाळी जवळच्या दवाखान्यात गेलो. इंजेक्शन, एक पावडर, पाच मिनिटांत बाहेर. संध्याकाळी थांबले. आम्ही दुधावर खापर फोडलं आणि मोकळे झालो. दूध बाधलं असणारच. कुत्रीच्या दुधापेक्षा गाईम्हशीच्या दुधात लॅक्टोज जास्त असतं आणि पिल्लांना ते पचवणं जड जातं. पण दूध बंद केल्यावरही बारा दिवसांनी दुसरा झटका आला.

या वेळी सोसायटीतल्या एका काकांनी 'रामबाण' सुचवला: माणसांच्या केमिस्टकडे मिळणारं मेट्रोनिडाझोलचं सिरप. केमिस्टने काहीही न विचारता दिलं. दोन दिवसांत थांबले. तिसऱ्या वेळी आम्ही खाणं बदललं. एका कंपनीचं बंद, दुसऱ्या कंपनीचं सुरू, मग उकडलेलं चिकन-भात, मग एका रीलमध्ये पाहिलेला भोपळा. सहा आठवड्यांत चार वेळा आहार बदलला, तोही एका रात्रीत. खरं तर नवं खाणं जुन्यात थोडं थोडं मिसळत आठवडाभर घ्यायचं असतं. म्हणजे उपायच आता नव्या जुलाबांचं कारण होत होता.

चौथ्या वेळी शीत आव आणि रक्त होतं. ढब्बू बाल्कनीच्या दारात पडून होता आणि बिस्किटाच्या पुड्याचा आवाज होऊनही त्याने मान उचलली नाही. त्याच्या हिरड्या पाहिल्या. गुलाबी असायला हव्यात, पांढुरक्या दिसत होत्या. त्या रात्री आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. बायको रिक्षात त्याला टॉवेलमध्ये घेऊन बसली होती आणि दोघांपैकी कुणीच काही बोलत नव्हतं.

डॉक्टर मॅडमनी आधी पार्वोची चाचणी केली. पार्वो विषाणूची लागण लसीकरण पूर्ण न झालेल्या पिल्लाला होते तेव्हा एकेक तास मोलाचा असतो. चाचणी निगेटिव्ह आली. मग त्यांनी विचारलं, "शी आणलीये का?"

चार झटके, एक दवाखाना, एक केमिस्ट, एक काका आणि शेकडो रील्स. हा प्रश्न पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं.

दुसरी गोष्ट त्यांनी केली ती म्हणजे पहिल्या दवाखान्याचं कार्ड मागितलं. त्यावर वजन लिहिलेलं होतं: २.४ किलो. आता काट्यावर ३.६ भरलं. "सहा आठवडे झाले ना? लॅबचं पिल्लू या वयात आठवड्याला किलोच्या आसपास वाढतं," त्या म्हणाल्या. "जुलाब थांबत होते म्हणता, पण पिल्लू वाढत कुठे होतं?"

मला तिथेच लाज वाटली. कारण नोकरीत माझं कामच हे आहे. रात्री दोनला सर्व्हर पडला आणि कुणी नुसता रीस्टार्ट करून झोपायला गेलं, तर सकाळच्या मीटिंगमध्ये मीच विचारतो: का पडला? लॉग पाहिला का? पुन्हा पडणार नाही कशावरून? आणि घरात मी एका जिवंत प्राण्याला चार वेळा रीस्टार्ट केलं होतं. लॉग रोज सकाळी फरशीवर पडत होता. मी तो नाक दाबून पुसत होतो.

तीन दिवस, एक दिवसाआड, डबीत शी नेऊन दिली. तीन तपासण्यांचे मिळून साडेसातशे रुपये झाले. तेवढ्यात पिल्लाच्या खाण्याची एक बरी पिशवीही येत नाही. पहिल्याच नमुन्यात गोलकृमी आणि अंकुशकृमी या दोन्ही जंतांची अंडी सापडली. तिसऱ्या नमुन्यात जिआर्डिया सापडला. पहिल्या दोन्हींत तो दिसला नव्हता.

इथे थोडं थांबून हे काय असतं ते सांगतो, कारण माझ्यासारख्या चार वर्षं इंजिनिअरिंग केलेल्या माणसालाही यातलं काही माहीत नव्हतं.

गोलकृमी पिल्लाला बाहेरूनच लागतो असं नाही. त्याच्या अळ्या आईच्या शरीरात झोपून असतात, ती गाभण राहिली की जाग्या होतात आणि नाळेतून पिल्लात उतरतात. अंकुशकृमी आईच्या दुधातून येतो, आतड्याला चिकटून रक्त पितो. हिरड्या पांढऱ्या पडल्या त्या त्यामुळे. म्हणून जंताचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून सुरू करून दर पंधरा दिवसांनी द्यायचं असतं. एका डोसने आतड्यातले जंत मरतात, पण शरीरात फिरणाऱ्या अळ्या मागून येतच राहतात. आमच्या विक्रेत्याने कार्डावर 'डीवर्मिंग डन' एवढंच लिहिलं होतं. तारीख नाही, औषधाचं नाव नाही.

जिआर्डिया हा जंत नव्हे, एकपेशीय परजीवी. तो प्रत्येक शीत दिसत नाही, म्हणून तीन नमुने. शीतून बाहेर पडलेली त्याची बीजं ओलाव्यात टिकतात, मागच्या केसांना चिकटतात, पिल्लू अंग चाटतं आणि पुन्हा लागण होते. पुण्याचा जुलै, सतत ओली बाल्कनी, दिवसातून चारदा ओल्या फडक्याने पुसलेली फरशी. आम्ही त्याच्यासाठी फाइव्ह स्टार सोय केली होती. औषधाबरोबर पिल्लाला आंघोळ घालणं, अंथरूण गरम पाण्यात धुणं, फरशी कोरडी ठेवणं आणि शी लगेच उचलणं, हे सगळं केलं तेव्हा चक्र तुटलं.

आता त्या रामबाण सिरपकडे येऊ. मेट्रोनिडाझोल गोलकृमी आणि अंकुशकृमीचं काहीही बिघडवत नाही. जिआर्डियावर थोडाफार परिणाम करतं, पण भरवशाचा नाही. आतड्यातले उपयोगी जिवाणू मात्र मारतं. युरोपातल्या पशुवैद्यक तज्ज्ञांच्या एनोव्हॅट गटाने २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या: कुत्र्यांच्या सौम्य आणि मध्यम तीव्र जुलाबांत अँटिबायोटिक देऊ नका. कारण असे बहुतेक जुलाब दोन-चार दिवसांत आपले आपण थांबतात. म्हणजे काकांच्या सिरपने थांबवले ते जुलाब बहुधा तसेही थांबणार होते. श्रेय सिरपला मिळालं आणि मूळ कारण आत वाढत राहिलं.

यावर मला जी उत्तरं मिळतात ती पाठ झाली आहेत.

पहिलं: "आमच्या गावाकडची कुत्री शिळ्या भाकरीवर जगली, त्यांची कुणी शी तपासली?" बरोबर. पण जी जगली तीच तुम्हाला आठवतात. आयसर कोलकाताच्या संशोधकांनी पश्चिम बंगालमधल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांची ९५ वेतं, म्हणजे ३६४ पिल्लं, पाहिली. २०१६ मध्ये त्यांनी लिहिलं की त्यातली फक्त १९ टक्के पिल्लं वयात येईपर्यंत जगली. सगळी पोटाने मेली असं नाही. निम्म्याहून जास्त मृत्यूंत माणसाचाच हात होता. पण 'कुत्र्याची जात चिवट असते' हे आपण त्या उरलेल्या १९ टक्क्यांकडे बघून ठरवतो.

दुसरं: "डॉक्टर उगाच टेस्ट करायला लावतात." लावतही असतील. माझ्या पहिल्या दवाखान्यात मात्र उलट झालं. तिथे कुणी काहीच तपासलं नाही, आणि मीही मागितलं नाही. मला हवं होतं ते इंजेक्शन, कारण दहा वाजता स्टँडअप होता. पाच मिनिटांत बाहेर काढणारा डॉक्टर आम्हाला 'चांगला' वाटला. असे दवाखाने आपणच चालवतो, आपल्या घाईने.

तिसरं: "प्रत्येक पातळ शीला धावत सुटायचं का?" नाही. एखाद-दुसऱ्या वेळी पातळ झाली, पिल्लू खेळतंय, खातंय, पाणी पितंय, तर साधं हलकं खाणं द्या आणि लक्ष ठेवा. पण इतक्या लहान पिल्लाला 'पोटाला आराम' म्हणून दिवसभर उपाशी ठेवू नका, रक्तातली साखर घसरते. उलट्या, रक्त, मरगळ, खाणं बंद, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. आणि जुलाब परत परत येत असतील तर तो 'पुन्हा एकदा' नसतो. तोच आजार असतो, न संपलेला.

आता मुळाकडे. ढब्बू आमच्याकडे आला तेव्हा विक्रेता म्हणाला होता, "सर, पंचेचाळीस दिवसांचा आहे. जेवढा लहान घ्याल तेवढा लळा लागतो." पहिल्या दवाखान्याच्या कार्डावर दात बघून वय लिहिलं होतं: पाच आठवडे. आम्ही ते वाचलंही नाही. आणि पंचेचाळीस दिवस खरे धरले तरी ते बेकायदाच. २०१७ च्या श्वान प्रजनन आणि विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. त्यामागे कारण आहे. त्या दिवसांत ते आईचं दूध सोडून खायला शिकत असतं, जंताच्या औषधाचे सुरुवातीचे डोस तेव्हाच व्हायचे असतात. पाचव्या आठवड्यात ते उचललं की आईचं तुटणं, प्रवास, नवं घर आणि नवं खाणं हे सगळं एकाच दिवशी त्याच्या आतड्यावर कोसळतं. विक्रेत्याचा तीन आठवड्यांचा खाण्याचा आणि औषधांचा खर्च वाचतो. तो खर्च पिल्लू शरीराने भरतं.

विक्रेत्याला शिव्या देणं सोपं आहे. पण बारा हजार रुपये मी दिले होते. आईला बघितलं नव्हतं, जन्मतारीख विचारली नव्हती, जंताच्या औषधाच्या तारखा मागितल्या नव्हत्या. फोन घेताना मी तीन दिवस रिव्ह्यू वाचले होते.

आणि हा फक्त पिल्लाचा प्रश्न नाही. गोलकृमीची अंडी मातीत दोन-चार आठवडे पडून राहिली की माणसालाही लागण करू शकतात. मातीत खेळून तोंडात बोट घालणाऱ्या लहान मुलांना धोका जास्त, क्वचित डोळ्यापर्यंत जातं. ते सहा आठवडे मी ढब्बूला सोसायटीच्या बागेतल्या कडेच्या मातीत न्यायचो आणि 'खतच आहे' म्हणून शी तिथेच सोडायचो. संध्याकाळी तिथे माझा चार वर्षांचा भाचा किल्ले बांधायचा. त्याची तपासणी केली, तो ठीक आहे. ताईला हे सांगताना जे वाटलं, ते इथे लिहीत नाही.

ढब्बू आता अकरा महिन्यांचा आहे. एकच खाणं खातो, पोट आत गेलंय, नाव शोभत नाही. फ्रिजवर त्याच्या वजनाचा कागद चिकटवलेला आहे.

मागच्या महिन्यात ऑफिसमधल्या एका मित्राने त्या विक्रेत्याचा नंबर मागितला. मी दिला नाही, कारणंही सांगितली. त्याने दुसरीकडून आणलं. तेही 'पंचेचाळीस दिवसांचं'. परवा रात्री साडेअकराला त्याचा मेसेज आला: "भाई, पिल्लाचे जुलाब थांबायला काय देऊ? परत सुरू झालेत."

मी लिहिलं: "हिरड्या गुलाबी आहेत का बघ, उलट्या किंवा रक्त असेल तर आत्ताच दवाखान्यात ने. नसेल तर काही देऊ नकोस. पाणी पाज, सकाळची शी डबीत घे. मी येतो सोबत."