जुन्या गोव्यातील घंटा

संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन सामान्यतः दर दहा वर्षांनी लोकांस घडविले जाते. मागील सोहळा २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाला. त्या निमित्ताने निपाणी व बेळगाव भागातील काही कुटुंबांसमवेत आम्हीही दोन दिवस जुन्या गोव्यास जाऊन आलो. खानापूर, लोंढा, अनमोडचा घाट, मोले व फोंडा ही वाट आमच्या वाचकांस नवी नाही. १९५३ साली बेळगाव धर्मप्रांत स्थापन झाला, त्यापूर्वी आपल्या भागातील कित्येक धर्मग्राम गोव्याच्याच महाधर्मप्रांतात मोडत. तेव्हा जुने गोवे आपणांस परके नव्हे. श्रद्धेच्या दृष्टीने ते आपले आजोळच म्हणावयास हवे. यात्रेचा सगळा वृत्तांत देण्याचा आमचा मानस नाही. तेथे जे पाहिले त्यातून मनात जो एक विचार रुजला, तोच वाचकांपुढे ठेवावयाचा आहे.

२५ नोव्हेंबर १५१० रोजी, संत कॅथरिनच्या सणाच्या दिवशी, पोर्तुगीजांनी विजापूरच्या आदिलशहाकडून हे शहर जिंकून घेतले. पुढे शंभर वर्षांत येथे इतकी संपत्ती लोटली व इतकी देवालये उभी राहिली, की युरोपातील मोठमोठ्या राजधान्यांशी त्याची तुलना होऊ लागली. आज तेथे काय उरले आहे? व्हाइसरॉयच्या वाड्याचा एक दरवाजा. ऑगस्टिनियन संघाच्या भव्य देवालयाचे छत १८४२ साली कोसळले, १९३१ साली त्याच्या मनोऱ्याचा मोठा भाग पडला, आणि आता जांभ्या दगडाचा उरलेला अर्धा मनोरा आभाळाकडे बोट दाखवीत उभा आहे. संत कॅथरिनच्या प्रधान देवालयाचे दोन मनोरे होते. त्यांतील एक १७७६ साली पडला, तो पुन्हा बांधला गेला नाही. रोगराईच्या साथींनी लोक शहर सोडून गेले, १८४३ साली राजधानीचा मानही पणजीस मिळाला. जेथे बाजार भरत होते तेथे आज माड आणि झाडी आहे.

आणि तरीही त्या ओसाड शहरात माणसांची रांग संपत नव्हती. कोणी व्हाइसरॉयांचे नाव काढीत नव्हते. जो तो एका निष्कांचन धर्मगुरूच्या दर्शनास आला होता. बॉम जेझू देवालयात जेथे ते एरव्ही विसावलेले असतात, ती संगमरवरी समाधी टस्कनीच्या ग्रँड ड्यूकने पाठविलेली आहे, आणि त्यांची चांदीची पेटी गोव्यातील सोनारांनी घडविली आहे. परंतु हे वैभव त्यांना मरणोत्तर मिळाले. हयातीत त्यांच्याजवळ एक झगा, एक प्रार्थनेचे पुस्तक आणि हातात एक घंटा, याहून फारसे काही नव्हते.

रांगेत आमच्या पुढे निपाणीकडील एक आजी होत्या. विडीच्या कामात जन्म गेलेला, हात तंबाखूने रापलेले. त्यांनी आम्हांस विचारले, ''फादर, हे सायब स्पेन देशाचे म्हणता. मग इकडच्या पोरांना त्यांचं बोलणं कळायचं कसं?''

आजींचा हा प्रश्न आम्हांस फार मोलाचा वाटला. संत झेवियर यांचा जन्म १५०६ साली, आज स्पेनमध्ये असलेल्या नवार मुलखातील झेवियरच्या गढीत झाला. पॅरिसच्या विद्यापीठात ते शिकले, आणि ६ मे १५४२ रोजी गोव्यास उतरले. ते इस्पितळातील रोग्यांची सेवा करीत, तुरुंगातील कैद्यांस भेटत, आणि घंटा वाजवीत रस्त्यांतून हिंडून मुलांना धर्मशिक्षणास बोलावीत. पुढे तामिळ किनाऱ्यावरील कोळ्यांमध्ये गेले, तेव्हा परक्या भाषेची अडचण त्यांनाही आली. त्यांनी दुभाषी जमवून क्रूसाची खूण, 'आमच्या स्वर्गीय बापा', 'नमो मरिया' इत्यादी प्रार्थना तामिळीत करून घेतल्या, स्वतः पाठ केल्या, आणि गावोगाव घंटा वाजवून मुलांकडून म्हणवून घेतल्या. मुलांनी त्या घरी जाऊन आईबापांस व शेजाऱ्यांस शिकवाव्यात, असे ते सांगत. इतका विद्वान पुरुष, पण लोकांच्या भाषेपुढे तो विद्यार्थी होऊन बसला. ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्यालगतच्या एका बेटावर त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या मागून १५७९ साली येशूसंघाचे फादर थॉमस स्टीफन्स गोव्यास आले. हे जन्माने इंग्रज. त्यांनी लोकांची बोली तर आत्मसात केलीच, पण संतकवींची मराठीही आपलीशी केली, आणि प्रभू येशूचे चरित्र सुमारे अकरा हजार ओव्यांत गायिले. तेच 'ख्रिस्तपुराण'. १६१६ साली ते सासष्टीतील रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. १९५६ साली श्री. शांताराम बंडेलू यांनी ते नागरी लिपीत प्रसिद्ध केले. आपण मराठीत प्रभूचे स्तवन करतो, ते काही कालपरवाचे नव्हे. चारशे वर्षांची ही मिरास आहे.

पण त्याच गोव्यात याच्या उलटही घडले, हे लपविणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही. १५६० ते १८१२ पर्यंत, मधली काही वर्षे वगळता, तेथे धर्मचौकशीचे न्यायालय होते, आणि त्याने पुष्कळ लोकांस छळले. असे न्यायालय असावे अशी मागणी संत झेवियर यांनीही १५४६ साली राजास लिहिलेल्या पत्रात केली होती. संतही आपल्या काळाच्या मर्यादेत जगतात. १६८४ साली व्हाइसरॉयने फर्मान काढले, की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली टाकून पोर्तुगीज बोलावी. सत्तेच्या बळावर श्रद्धा राखू पाहणाऱ्या अशा दोषांबद्दल पोप दुसरे जॉन पॉल यांनी १२ मार्च २००० रोजी ख्रिस्तसभेच्या वतीने देवाजवळ क्षमा मागितली. आता परिणाम पाहा. फर्मान काढणारी सत्ता १९६१ साली गोव्यातून गेली. कोंकणी मात्र गोव्याच्या घराघरांत आजही प्रार्थना करते आहे. मुलांना घंटेने बोलावून, त्यांच्या भाषेत शिकविलेले ते टिकले. धाक दाखवून लादलेले ते पडक्या भिंतींबरोबर गेले.

वाचकहो, आपण सीमाभागात राहतो. घरी मराठी, कचेरीत कन्नड, शाळेत इंग्रजी, शेजारी कोंकणी. भाषांचा वाद आम्हांस येथे उकरून काढावयाचा नाही. कन्नडही आपल्या शेजाऱ्यांची गोड भाषा आहे, आणि मुलांनी ती उत्तम शिकावी. आमची चिंता वेगळी आहे. कित्येक घरांत आजी मराठीत जपमाळ म्हणते आणि नातवंडे गप्प बसून राहतात, कारण त्यांना 'आमच्या स्वर्गीय बापा' केवळ इंग्रजीत पाठ आहे, आणि त्याचाही अर्थ पुरता ठाऊक नाही. एकाच घरात दोन पिढ्या एकत्र प्रार्थना करू शकत नसतील, तर तेथे श्रद्धा कोण कोणाच्या हाती देणार? धर्मशिक्षणाचा वर्ग आठवड्यातून एक तासाचा. त्यातही शिकवणीचे निमित्त सांगून मुले गैरहजर राहतात. सणाच्या मांडवावर व रोषणाईवर आपण हजारो रुपये खर्च करतो. तो आनंद आम्हांसही हवा आहे. परंतु गोव्यातील मनोऱ्यांचे काय झाले, हे स्मरणात असू द्यावे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. सांजेची घंटा झाली की घरातील दूरदर्शन व मोबाईल बंद करावेत. निदान जपमाळेचे एक दशक सर्वांनी मिळून घरच्या भाषेत म्हणावे, आणि ते मुलांकडून म्हणवून घ्यावे. आजीआजोबांनी एकेका प्रार्थनेचा अर्थ आपल्या शब्दांत सांगावा. त्यासाठी विद्वत्ता लागत नाही. विडीच्या सुपावर बसलेल्या आजींनाही ते साधते; संत झेवियर यांनी तरी तेच काम मुलांवर सोपविले होते.

सर्व यात्रेकरूंस संतांचे दर्शन घडले असेलच. आता त्यांचे अनुकरण घडो. त्यांच्या मध्यस्थीने प्रभू येशू आपल्या घराघरांतील मुलांस आशीर्वाद देवो, हीच प्रार्थना.